विलासराव चार दिवस गप्प बसले: ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली

वर्षभर या ब्लॉगवर काही आलं नाही. काहीजणांनी काळजीने विचारलं, एकाने तर मी गेलेच असेन असं गृहीत धरून विलासरावांना सांत्वनाचा निरोप पाठवला. तेव्हा कारण सांगून टाकते आणि मग गाडी काढू.

मला मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे. मागच्या हिवाळ्यात चालताना पाऊल अडायला लागलं, जमिनीला चिकटल्यासारखं, आणि डोकं पूर्वीपेक्षा हळू चालायला लागलं. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, "मोठे रस्ते ठीक आहेत. आत गावागावांत जाणारे बारीक रस्ते खराब होताहेत." मी सत्तावीस वर्षं एसटीत वेळापत्रकं लावण्याचं काम केलंय. कुठल्या गावचा रस्ता वाहून गेला की कुठली फेरी बंद पडते, हे मला नकाशाशिवाय सांगता यायचं. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मला लगेच समजलं. जे खराब झालं ते दुरुस्त होत नाही. पण रक्तदाब ताब्यात ठेवायचा, रोज चालायचं, मीठ कमी, झोप पुरेशी, आणि डोक्याला काम द्यायचं, म्हणजे पुढचं बिघडणं लांबवता येतं.

माझ्याकडून जाऊ लागली ती माणसांची ओळख नव्हे. गेला तो क्रम. आधी काय, मग काय, आणि एक गोष्ट हुकली तर बाकीच्या कशा सरकवायच्या. म्हणजे ज्या कामाचा मी आयुष्यभर पगार घेतला नेमकं तेच. याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

आता विलासराव. हे माझे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक. वर्गातलं पोर दोन सेकंद अडखळलं की हे फळ्यावर उत्तर लिहून मोकळे. माझं निदान झाल्यापासून मी त्यांच्या वर्गात बसलेय. भाजीवाल्याने मला "किती देऊ, ताई?" विचारलं की यांच्या तोंडून "अर्धा किलो" गेलेलं असतं. शेजारणीने तब्येत विचारली तरी उत्तर हेच देतात, मी बाजूला उभी. ते प्रेमापोटी करतात हे मला कळतं, आणि तरीही मला ओरडावंसं वाटतं.

पुण्याहून मुग्धाने, म्हणजे आमच्या मुलीने, तोडगा काढला: यापुढे आईने सहलवाल्यांबरोबरच जायचं आणि सगळं बाबांनी ठरवायचं. मी म्हटलं, एक प्रवास मला द्या. आखणी माझी, रस्ता मी सांगणार. विलासराव गाडी चालवतील, पण मी विचारल्याशिवाय बोलणार नाहीत. मोबाइलवरचा नकाशा बंद. गाडी नदीत जायला निघाली तरच तोंड उघडायची मुभा. जमलं तर पुढचे प्रवासही मीच आखणार. नाही जमलं तर कुठं जायचं, काय खायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, सगळं त्यांच्या हाती, आणि मी कुरकुर करणार नाही. डॉक्टरांनी डिसेंबरातल्या थंडीत जायला हरकत घेतली नाही. विलासरावांनी "बरं" म्हटलं आणि लगेच विचारलं, "स्वेटर घेतलास?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पहिला दिवस: नागपूर ते ब्रह्मपुरी

आमच्यासारखं कुणी निघणार असेल तर दोन गोष्टी कामाच्या. गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक पिशवी हरवतेच. आणि दिवसाचं पान मोठ्या अक्षरात लिहा, एका ओळीत एकच काम. मी "चहा" आणि "गोळी" एका ओळीत लिहिलं होतं, तर चहा झाला आणि गोळी उमरेडला रस्त्याच्या कडेला थांबून घ्यावी लागली.

रस्ता बहुतेक चांगला आहे. भिवापूरच्या आसपास मिरची दिसते, नागभीड जवळ आलं की धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, सुरू होतात. कापणी उरकली होती, बांध्यांत तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग उभे होते, आणि हवेला मळणीचा तो कोरडा, गोडसर वास. तीन तासांत ब्रह्मपुरीला पोचलो. एकही वळण चुकलं नाही. अर्थात सरळ रस्त्यावर चुकायला फार वाव नव्हता, हेही खरं.

स्टँडजवळच्या खानावळीत जेवायला बसलो. वाढणारी बाई विलासरावांना म्हणाली, "भाऊ, बाईले काय वाढू?"

"यांना मीठ कमी," विलासराव म्हणाले. पहिला दिवस, पहिलं जेवण, करार मोडला. चूक लक्षात आल्यावर त्यांनी जीभ चावली आणि पाण्याच्या ग्लासात बघत बसले.

मी बाईंना म्हटलं, "मलाच विचारा हो. मला बोलता येतं."

"तसं नाई ना, बाई. माणूस संगं असला का मी त्यालेच विचारतो," ती म्हणाली. तिकडच्या बायका 'करतो, विचारतो' असंच म्हणतात, आणि कानाला ते फार छान लागतं. "मिठाची काऊन काळजी करता? भातात आमच्याइथी कोणी मीठ टाकतच नाई. भात भरपूर खा, लोणच्याले हात लावू नका." लाखोरीची डाळ, पोपटाच्या (म्हणजे वालाच्या) शेंगांची भाजी आणि गरम भात, दोघांचं पोटभर जेवण अडीचशेच्या आत. लोणच्याला मी हात लावला नाही, पण त्याच्याकडे बघितलं बराच वेळ.

संध्याकाळी गावाबाहेर चालायला गेलो. रोजची चाळीस मिनिटं मी चुकवत नाही. बांधावर जागा अरुंद झाली तिथे पाऊल अडलं. अशा वेळी मी मनात "एक, दोन" म्हणते आणि 'दोन'ला पाय उचलते. विलासराव मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. बोलायचं दाबून धरलेल्या माणसाचा श्वास वेगळाच येतो. रात्री नऊला खोलीवर येऊन झोपलो.

दुसरा दिवस: वडसा

ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. इथं थंडीत झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचा मोसम असतो. बाजारात नाटक कंपन्यांची छोटी छोटी कार्यालयं ओळीने, भिंतींवर रंगीत पोस्टरं, गावोगावची माणसं येऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवून जातात. मला हे सगळं कसं चालतं ते पाहायचं होतं. चार कंपन्या, एकेक नट पाच गावांत, रोज वेगळं ठिकाण. वेळापत्रक कोण लावतं, हा माझा पहिला प्रश्न.

एका कार्यालयाबाहेर जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ बशीतून चहा पीत होते. मांडीवर हाताने लिहिलेली जाड वही. ते दिवाकरभाऊ. चाळीस वर्षं प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना संवाद आठवून देणारे.

"तालीम किती दिवस चालते, भाऊ?" मी विचारलं.

"कायची तालीम?" ते हसले. "एक नट नागपूरवरून येते, एक गोंदियावरून. संध्याकाळी मेकपले बसते, रात्री उभे राह्यते. बाकी मी आहो ना."

मला विश्वासच बसेना. आपलं सगळं नाटक दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून माणसं उभी राहतात? मी प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि त्यांनी चहावर चहा मागवला. तुम्हाला खोकला आला तर? तोंडात लवंग. लाइट गेली तर? "मले पूर्ण पाठ आहे."

"मग वही कशाला?"

"वही माझ्यासाठी नाई, बाई. नटाले वही दिसली पाह्यजे. दिसली का त्याले धीर येते. मंग त्याले अर्धं आपोआपच आठवते."

दुपारी ते आठ किलोमीटरवरच्या एका गावात रंगमंच बघायला जाणार होते. आम्हालाही चला म्हणाले. त्यांच्या मोटारसायकलमागे आमची गाडी, त्यामुळे रस्ता सांगायची मला सुट्टी मिळाली. धान निघालेल्या बांधीत बांबूच्या तट्ट्या आणि पडदे उभे राहत होते. प्रेक्षकांसाठी माणसं जमीन उतरती खणत होती. प्रॉम्प्टरची जागा रंगमंचाच्या पुढे, बरोबर मध्ये, सगळ्यांना दिसेल अशी. लपूनछपून काही नाही.

दोन नट लवकर पोचले होते. माइक तपासायला म्हणून त्यांनी बाप-लेकाचा एक प्रसंग करून पाहायचं ठरवलं. लेक घर सोडून निघालाय, बाप त्याला अडवत नाही. दिवाकरभाऊ आपल्या जागी बसले. विलासराव त्यांच्या खांद्यामागे उभे, चष्मा नाकावर, नजर वहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बापाचं काम करणारा नट लेकाकडे बघत बोलायचा थांबला. हातात काठी, मान खाली. एक क्षण गेला, दुसरा गेला.

"मग जा, पोरा!" विलासराव गरजले. वर्गातला आवाज, तोही माइकजवळ. सगळ्या बांधीत घुमला.

नटाने दचकून वर पाहिलं. "कोन बोलला बे?"

खणणारी माणसं फावडी टाकून हसायला लागली. विलासराव कानापर्यंत लाल झाले. दिवाकरभाऊंनी वही मिटली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊ, तो विसरला नाई. तो रडून राह्यला."

मी हसले नाही. म्हणजे हसू आलं होतं, पण ते वाक्य कानावर पडलं आणि एकदम डोळे भरून आले. गेलं वर्षभर मी थांबले की काय करत असते, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. कधी मी शोधत असते. कधी मला वाईट वाटत असतं. कधी मी नुसती थांबलेली असते.

"थांबला आणि विसरला, यातला फरक तुम्हाला कसा कळतो?" हे विलासरावांनी विचारलं. कराराप्रमाणे त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण मी ते चालू दिलं.

"मी तोंड नाई पाहात, पाय पाहातो," दिवाकरभाऊ म्हणाले. "आठवून राह्यला असंन तं पाय थोडे थोडे हालते. विसरला का पाय गच्च. मंग पहिला शब्द द्याचा. एकच. पूर्ण वाक्य नाई द्याचं, नट नाराज होते."

रात्री नाटक दहानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणार होतं. विलासरावांना थांबायचं होतं, मलाही. पण झोप मोडली की माझा दुसरा दिवस बिघडतो, हे मी अनुभवाने शिकलेय. मी "नको" म्हटलं. वडशाच्या लॉजवर (हजारात स्वच्छ खोली, गरम पाणी बादलीने) अंथरुणात पडल्यावर मला खूप हळहळ वाटली. तो बाप रात्री कसा थांबला असेल, ते मला बघायचं होतं.

तिसरा दिवस: गडचिरोली, आणि मग भलतीकडे

माझ्या पानावर होतं: आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, मार्कंडा, आष्टी, आलापल्ली मुक्काम. आलापल्लीचे जुने सागवान बघायचे होते. साडेसातला गोळी घेऊन निघालो. ओळ वेगळी लिहिली होती.

गडचिरोलीच्या मोठ्या चौकात चार रस्ते फुटतात. मी पान बघितलं, चौक बघितला आणि म्हटलं, "डावीकडे." विलासराव क्षणभर माझ्याकडे बघून डावीकडे वळले.

गाव संपलं, जंगल सुरू झालं. सागाची पानं लाल-तपकिरी झालेली, रस्ता रिकामा. मी खुशीत होते. मात्र विलासराव गाडी चालवता चालवता सारखे खाली बघत होते.

"काय बघताय?"

त्यांनी मान उचलून रस्त्याकडे पाहिलं. विचारलंय म्हटल्यावर बोलायला हरकत नव्हती, तरी बोलले नाहीत.

पंधराएक किलोमीटर गेल्यावर मला काहीतरी खटकलं. सकाळची वेळ, आम्ही दक्षिणेला निघालेले, तर ऊन माझ्या बाजूने यायला हवं. ते तर विलासरावांच्या हातावर पडलं होतं. म्हणजे आम्ही पूर्वेला चाललो होतो. हा रस्ता धानोऱ्याचा.

"थांबवा," मी म्हटलं.

रस्त्याच्या कडेला एक घर होतं. एक गोंड बाई उकडलेले आवळे फोडून चटईवर वाळत घालत होती. तिने मला विचारलं, "कुठी जाऊन राह्यले, बाई?" विलासरावांना नाही, मला.

गावाचं नाव जिभेवर होतं आणि येईना. तिने आणखी दोन आवळे फोडले. तिला काही घाई नव्हती. विलासराव झाडांचे शेंडे बघत होते.

"चामोर्शी," मी म्हटलं.

"मंग इकडं काऊन आले?"

"चुकलो."

तिने मान हलवली. मग विलासरावांकडे बोट करून म्हणाली, "हा भाऊ बोलत नाई का? मुका आहे?"

"बोलतात, फार बोलतात. चार दिवस बंद ठेवलंय."

ती इतकी हसली की हातातला आवळा चटईबाहेर गेला. तिने घरात ओरडून गोंडीत काहीतरी सांगितलं, आणि आतून एका म्हाताऱ्याचंही हसणं ऐकू आलं. आम्हाला मूठभर आवळे मिळाले. मीठ लावून देत होती, मी नको म्हटलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "चौकात तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे पाय हलत होते," विलासराव म्हणाले.

मला काही सेकंद लागले ते समजायला. मग मी जी भडकले! आदल्या दिवसापर्यंत मला श्वास घेऊ देत नव्हते आणि आज पंधरा किलोमीटर चुकीच्या रस्त्याने नेलं, माझ्या पायांकडे बघत! मी नाटकातली नटी आहे का? पाय हलत होते कारण पायांत मुंग्या आल्या होत्या! विलासरावही चिडले. "बोललो तरी ओरडतेस, नाही बोललो तरी ओरडतेस. करार तुझा होता. मी काय करायचं ते एकदा लिहून दे." पस्तीस वर्षांच्या संसारातलं हे एक बऱ्यापैकी भांडण होतं, आणि ते धानोऱ्याच्या रस्त्यावर सागाखाली झालं.

भांडण संपल्यावर खरा प्रश्न उरला. वेळ गेला होता. पानावरची सगळी ठिकाणं आता एका दिवसात बसत नव्हती. एसटीत मी हे एका चहात उरकलं असतं: कुठली फेरी रद्द, कुठली वळवायची. आता पान मांडीवर घेऊन बसले आणि डोक्यात नुसती नावं फिरायला लागली. आलापल्लीला गेलो तर अंधार, अंधारात जंगलातून गाडी नको. मार्कंडा सोडला तर... मग काय होतं? परत पहिल्यापासून. वीस मिनिटं तरी गेली असतील. विलासरावांनी एक आवळा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. शेवटी मी पेन्सिलने आलापल्ली खोडलं. मार्कंडा बघून मुक्काम गडचिरोलीला. बरोबर होतं. मी ते दोनदा तपासलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू, बढती मिळाली तेव्हा झाला नव्हता.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. देवळांच्या दगडी भिंतींवर मूर्तीच मूर्ती, वाकून, मान वर करून बघाव्यात अशा. दोन तास ठेवा, घाईत बघायची जागा नाही. नदीकडे उतरायच्या पायऱ्यांवर मी थांबले आणि म्हटलं, "हात द्या." विलासरावांनी दिला. आम्ही पाण्यापर्यंत उतरलो, पाय भिजवले, ऊन उतरेपर्यंत बसलो. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

चौथा दिवस आणि घर

परतीला मूल, सिंदेवाही, नागभीड. जंगलातून जाणारा सुंदर रस्ता, पण जागोजागी वन्यप्राण्यांचे फलक आहेत, ते गांभीर्याने घ्या आणि हळू चालवा. आम्हाला वानरं आणि एक मुंगूस दिसलं. चार वाजता घरी. रक्तदाब मोजला, होता तेवढाच.

मुग्धाचा फोन आला. "जमलं का गं, आई?"

"एकदा रस्ता चुकले, आलापल्ली राहिली, एक भांडण झालं," मी म्हटलं. "आणि बाकी सगळं जमलं."

"बाबांना दे जरा."

विलासरावांनी फोन घेतला, तिचं ऐकलं, आणि म्हणाले, "ते तिलाच विचार." फोन माझ्याकडे परत आला.  मग मुग्धाने मलाच विचारलं, आणि मी सावकाश सगळं सांगितलं.

करारात मी जिंकले का? अर्धी. आखणी माझ्याकडे राहिली आहे. चौकात मात्र आता विलासराव बोलतात, कारण पंधरा किलोमीटर चुकण्यात मला काही शौर्य वाटत नाही. आजार आहे तिथेच आहे. उद्या तो थोडा पुढे जाईल, याची भीती मला वाटते, आणि सकाळी चालायला निघताना ती थोडी कमी होते.

हे लिहिताना काल संध्याकाळी मी एका शब्दावर अडले. संगणकाच्या पडद्यावरची रेघ लुकलुकत होती, बोटं तशीच. विलासराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाक्य वाचलं, त्यांना शब्द आला असणार, ते मला त्यांच्या श्वासावरून कळलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि विचारलं, "सांगू, की थांबू?"

असं वर्षभरात मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा."

ते थांबले. आज सकाळी दुसऱ्या एका शब्दाला मी "सांगा" म्हटलं, आणि त्यांनी सांगितला.